खारातलं सात नंबर

बांधाची दुरुस्ती होऊन वर्ष लोटलं तरी आंबेखारच्या खारात, खाडीला बांध घालून काढलेल्या शेतजमिनीत, कुणी नांगर घातला नव्हता. त्याआधी कितीतरी वर्षं फुटक्या बांधातून खाडीचं पाणी भरतीला आत यायचं आणि ओहोटीला बाहेर जायचं. जिथं कधीकाळी कमरेएवढं भात उभं राहायचं, तिथं उन्हाळ्यात पांढरी खपली धरायची आणि चपलेखाली करकर वाजायची. गावाच्या वरच्या अंगाची शेतं नव्या शहरात गेली होती. तिथं रस्ते झाले, आणि रबाळ्याचे कारखाने सरकत सरकत गावच्या शाळेपर्यंत आले. खाडीच्या अंगाचा खार तेवढा कुणाला नको होता, म्हणून उरला होता.

चौऱ्याण्णव सालच्या चैत्रात तो एकाला हवासा झाला. हौसेरावचे माती-राबिट वाहणारे ट्रक होते. त्याने गावकीत उभं राहून सांगितलं की बांधातल्या उघाडीच्या फळ्या कायमच्या काढा, पाणी साठू द्या, मी कोळंबीचं तळं करतो, गावाला वाटा देतो. म्हातारी माणसं कुरकुरली. खार भाताचा आहे, बापजाद्यांनी टोपल्या वाहून बांध घातलाय, असं कोणी कोणी म्हणालं. हौसेराव हसला आणि म्हणाला, भाताचा असेल तर भात दाखवा.

गावकीचा मुख्य पंच सिताराम. माणूस कमी बोलणारा. त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला की या साली खारात कुणी भात पिकवून दाखवावं. कापणीला गावकी बांधावर येईल. भात दिसलं तर खार शेतीचा, नाही दिसलं तर तळ्याचा.

देवळाच्या पुढच्या अंगणात कुणी हललं नाही. मग बायकांच्या बाजूने शेवंताबाई म्हणाली, "माझे तुकड्यात मी घालते नांगर."

तिचा नवरा गोटीराम पुरुषांत बसला होता. त्याने मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही.

गोटीराम रबाळ्याच्या एका कारखान्यात वॉचमन होता, पण गावात त्याची ओळख उघाडीवाला अशीच होती. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातली दगडी मोरी. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत लाकडी फळ्या एकावर एक बसवलेल्या. ओहोटीला फळ्या काढून आतलं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती चढण्याआधी त्या परत खाली सारायच्या. हे काम गोटीरामच्या आजोबापासून त्या घराकडे होतं. बांध फुटला तेव्हापासून ते नावापुरतं उरलं होतं. आता बांध उभा राहिला होता आणि फळ्याही नव्या आल्या होत्या.

घरी आल्यावर गोटीराम एवढंच म्हणाला की गावकीत बोलायच्या आधी मला विचारायचं होतंस. मुलगा दिपेश पावणे गावच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होता. तो हात धुता धुता म्हणाला, "आये, खारात मीठ पिकंल. मी वर्कशॉपमधून पिशव्या आनतो, पॅकिंग करू." त्याची बायको सोनल स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसली. शेवंताबाईने भाकरी उलटली. तिला ठाऊक होतं की आपण बोलून बसलो आहोत आणि खारात टाकायला घरात बी नाही.

बी घेऊन आले ते सुधीर कुंभोजकर.

कुंभोजकर खाऱ्या जमिनीच्या संशोधन केंद्रात होते. मूळचे देशावरचे, राहायला नेरूळला. पन्नाशीला आलेले, अंगाने किरकोळ. बोलायच्या आधी घसा खाकरायचे आणि खाकरून झाल्यावर बोलायचं राहून जायचं. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती केंद्राने तयार केल्या होत्या. केंद्राच्या आवारात त्या बऱ्या येत. शेतकऱ्याच्या रानात येतात का ते पाहायचं होतं आणि रान द्यायला कुणी तयार नव्हतं. आंबेखारच्या गावकीचं कानावर आलं तसे ते आले. आधीच्या दोन गावांतले त्यांचे प्रयोग फसले होते. एका ठिकाणी गुरं शिरली, दुसऱ्या ठिकाणी मालकाने बी पेरलंच नाही. हे सगळं त्यांनी शेवंताबाईच्या ओट्यावर बसून आपणहून सांगितलं, आणि वर म्हणाले की यश येईलच असं मी म्हणू शकत नाही.

शेवंताबाई म्हणाली, "तू बी द्याला आयलास का नको म्हनाला आयलास?"

कुंभोजकर गोंधळले. मग पहिल्यांदाच जरासे हसले.

तिने त्यांना उंबऱ्यावर तुम्ही म्हटलं होतं. ओट्यावर बसल्यापासून तू म्हणू लागली. तिच्या बोलीत तो अपमान नव्हता, हे त्यांना कळायला काही दिवस गेले.

त्यांच्याकडे काही सुधारित जाती होत्या. पिशव्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. शेवंताबाईने अट घातली की आमच्या घरचा लाल रत्तासुद्धा लावायचा. तो जुना खारातला भात; त्याचं थोडं बी तिने गावकीनंतर माहेरून मागून आणलं होतं. कुंभोजकरांनी आनंदाने होकार दिला. पण तिने त्याला उताराचा चांगला कोपरा मागितला तेव्हा ते अडून बसले. कुठल्या वाफ्यात कुठलं बी जाईल ते आपण ठरवायचं नाही, म्हणाले. चिठ्ठ्या टाकायच्या.

असं शेत आंबेखारने पाहिलं नव्हतं. शेवंताबाईच्या तुकड्याचे लहान लहान वाफे पाडले. प्रत्येक जातीला चार वाफे, पण सलग नाही. शेजारची विमलबाई, हौसेरावची वहिनी, तमाशा बघायला आली होती. कुंभोजकरांनी तिच्यापुढे डबा धरला. तिने लाजत लाजत चिठ्ठ्या काढल्या आणि सोनलने त्या वाचल्या. सात नंबर एकदा उघाडीजवळ आलं, एकदा पार वरच्या बांधाला, एकदा मधे, एकदा खड्ड्यात. रत्ताही असाच विखुरला. वाफ्यावाफ्यात नंबराची पाटी रोवली. वाटेने जाणारी माणसं थांबून हसत होती. शेतात भिशी लावलीय, असं कोणीतरी म्हणालं आणि ते नाव पडलं. भिशीचं शेत.

पेरणीआधी माती धुवायची होती. पावसाचं पाणी वाफ्यांत साठू द्यायचं, पायांनी तुडवून ढवळायचं, आणि ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचं. मिठाचा चिखल साधा नसतो. पायाच्या भेगांत शिरतो आणि आग आग होते. शेवंताबाई आणि सोनल पोटऱ्यांना खोबरेल चोपडून उतरायच्या. गोटीराम रात्रपाळी करून यायचा आणि झोपायच्या आधी फळ्या काढायचा. दुसऱ्या धुण्यानंतर शेवंताबाईने बोट बुडवून जिभेला लावलं आणि गोड झालं म्हणाली. तिची सासू असंच करायची. कुंभोजकरांनी खारटपणा मोजायचं आपलं मीटर आधी पाण्यात धरलं, मग चिखलात खोल खुपसलं. पाणी गोड होतं. मुळं जाणार तिथली माती अजून खारट होती.

ती रागावली. पेर लांबत चालली होती आणि तिच्या जिभेवर अविश्वास दाखवणारा हा पहिलाच माणूस. कुंभोजकर खाकरले, मग स्वतःच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले आणि तुडवायला लागले. त्यांना ते जमत नव्हतं. दोनदा घसरून बसले. त्यांचे पांढरे पाय बघून सोनलला हसू आवरेना. शेवंताबाई थोडा वेळ बांधावरून बघत राहिली, मग पुटपुटत तीही उतरली. तिसरं धुणं झालं तेव्हा मीटरचा काटा खाली आला.

मग मोड आलेलं बी फेकलं.

श्रावणात खार हिरवा झाला. बांधावरून जाणारी माणसं आता हसायची नाहीत, नुसती बघायची. हौसेराव एकदा ट्रक थांबवून उतरला. कुंभोजकर वाफ्यात वाकून रोपं मोजत होते. तो म्हणाला, हिरवं तर गवतसुद्धा असतं, दाणा धरायच्या दिवसांत बघू. कुंभोजकरांना ते लागलं, कारण ते खरं होतं. खारात भात पोसवताना मरतं, हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं.

भाद्रपदाच्या मध्याला भात पोसवलं. लोंब्या बाहेर आल्या, दाण्यात दूध भरू लागलं. पाऊस ओसरत चालला होता. शेवंताबाई सकाळ-संध्याकाळ जाऊन एक दाणा चिमटून बघायची. दूध निघालं की हात पदराला पुसून घरी यायची.

आणि सर्वपित्री अमावस्या आली.

त्या घरात पितरांच्या पानाची एक रीत होती. गोटीरामच्या आजोबाने हा बांध घालताना टोपल्या वाहिल्या होत्या आणि उघाडी पहिल्यांदा त्यानेच उघडली होती. त्याला जिताडा आवडायचा. म्हणून अमावस्येला त्याच्या पानात जिताड्याची तुकडी पडायची, आणि ती उघाडीवर धरलेल्या माशाचीच. बाजारातला मासा त्या पानावर चालत नसे. बांध फुटलेला होता तेव्हा आत मासा भरपूर. गेल्या वर्षी बांध होता, पण खार पडीक म्हणून उघाडी उघडीच. काही अडलं नाही. या वर्षी उघाडी बंद होती. आतल्या गोड्या पाण्यात बेडूक तेवढे होते.

गोटीराम याबद्दल कुणाला काही बोलला नाही. बोलला असता तर शेवंताबाईने काय सांगितलं असतं ते त्याला माहीत होतं. अमावस्येला उधाणाची भरती असते. दुपारच्या आधी पाणी चढायला लागलं तसा तो जाळं घेऊन उघाडीवर गेला. आतल्या तोंडाला जाळं लावलं आणि वरच्या दोन फळ्या काढल्या. मनात हिशेब असा की मासा आला की लगेच फळ्या सारायच्या. थोडं पाणी आत येईल, ते संध्याकाळच्या ओहोटीला काढून टाकता येईल.

मासा आला. चांगला हातभर. गोटीरामने तो काठावर फेकला आणि फळी उचलून खाचेत धरली. ती खाली जाईना. खाडीतून वाहून आलेलं गोणपाट पाण्याच्या जोराने खाचेत जाऊन बसलं होतं. त्याने ते ओढलं, फाटलं, अर्धं आतच राहिलं. त्याने फळीवर उभं राहून जोर दिला. पाण्याने फळी वाकडी केली आणि त्याचा हात दगडात सापडला. त्याने गावाकडे तोंड करून हाका मारल्या. गावात घरोघर पानं वाढली जात होती. कौलांवर घास ठेवून माणसं कावळ्यांची वाट बघत होती. कुणी ऐकलं नाही. भरती पुरी होऊन पाणी थांबेपर्यंत तो छातीएवढ्या पाण्यात फळीला पाठ लावून उभा राहिला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी खाडी आत जात राहिली.

शेवंताबाई चुलीपुढे होती. गोटीराम दारात आला. एका हातात जिताडा, दुसऱ्या हातातून रक्त. तिने मासा बघितला, मग हात बघितला.

"किती आयला?"

"लोंब्यांपर्यंत."

तिने तवा उतरवला. त्या वर्षी आजोबाच्या पानात मासा पडला नाही. जिताडा ओट्यावर तसाच राहिला. सोनलने तो नंतर शेजारी देऊन टाकला.

कुंभोजकर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. रात्रीच्या ओहोटीला गोटीराम आणि दिपेशने मिळून खाच मोकळी केली होती आणि पाणी बाहेर काढलं होतं, पण पानापानावर चिखलाचा थर होता. कुंभोजकरांनी मातीत मीटर खुपसलं. काटा टोकाला जाऊन थांबला. गोटीराम बांधावर उभा होता. त्याने सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. कुंभोजकरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. मग कारखान्याच्या नाक्यावरच्या बूथवरून ऑफिसला फोन करायला गेले.

परत आले ते खाली बघत. साहेबांनी सांगितलं होतं की प्रयोग बाद झाला असं समजा, पाट्या काढून आणा, पुढल्या वर्षी दुसरं गाव बघू. कुंभोजकर हो साहेब म्हणाले होते. त्यांना दुसरं काही सुचलं नव्हतं. ते वाफ्यात उतरले आणि पहिली पाटी उपटली.

शेवंताबाई म्हणाली, "उभा हाय तो अजून. उभ्याची पाटी काढतोस?"

त्यांनी हातातल्या पाटीकडे बघितलं. सात नंबर, उघाडीजवळचा वाफा. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पाणी इथंच आलं होतं. ते वाकले, पान दोन बोटांत धरून चिखल पुसला. पान ताठ होतं. शेजारच्या वाफ्यातल्या पानांची टोकं तेवढ्यात पिवळी पडायला लागली होती. ते बराच वेळ वाकून राहिले. मग त्यांनी पाटी परत रोवली आणि टाचेने माती दाबली.

आता गोडं पाणी हवं, म्हणाले. पुष्कळ हवं आणि लगेच हवं. माती परत धुवायची, पेरणीआधी धुतली तशीच.

गोडं पाणी खाराच्या डोक्यावर होतं. गावतळं पावसाने काठोकाठ भरलं होतं आणि त्यातून खारात उतरणारा जुना पाट होता. पण हौसेरावच्या ट्रकांनी त्या पाटावर राबिट ओतलं होतं. तुटलेल्या विटा, फरशांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, एका मोडक्या संडासाचं भांडं. शेवंताबाईने घमेलं घेतलं आणि वरच्या टोकाला सुरुवात केली. सोनल दुसरं घमेलं घेऊन आली. गोटीराम एका हाताने पहार मारत होता. कुंभोजकर विटा उचलून बाजूला टाकत होते. त्यांच्या बोटांची सालं गेली, पण ते दुसऱ्या दिवशीही आले, रजा टाकून.

हौसेराव बघायला आला. खिशात हात घालून म्हणाला, "माझा माल हाय तो. नीट थप्पी लावून ठेवा, मना परत न्यायचाय."

शेवंताबाईने एक फरशी उचलली आणि खरोखरच कडेला नीट ठेवली. मग दुसरी तिच्यावर ठेवली. हौसेराव थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. तो गेल्यावर विमलबाई आली. तिने पदर खोचला आणि सोनलच्या हातातलं घमेलं घेतलं. सोनलच्या पाठीला उसण भरली होती, ती बसली. संध्याकाळी आणखी दोघी आल्या. रविवारी दिपेश वर्कशॉपमधली पोरं घेऊन आला, बरोबर मोठे घण आणले होते. सिमेंटचे गोळे फुटले. दिपेश घण मारता मारता कुंभोजकरांना म्हणाला, "साहेब, टेन्शन घेऊ नका. मीठ नाय पिकनार आता."

पाट मोकळा झाला आणि गावतळ्याचं पाणी खारात उतरलं. ओहोटी आली की गोटीराम फळ्या काढायचा, भरतीआधी सारायचा. आता तो खाचेत हात घालून बघितल्याशिवाय फळी सोडत नसे. पाणी आलं, थांबलं, गेलं; पुन्हा आलं. मीटरचा काटा हळूहळू मागे सरकला.

त्या दिवसांत शेताने आपलं आपण सांगितलं. सुधारित जातींपैकी बऱ्याच वाफ्यांत पानं करपली, लोंब्या पांढऱ्या पडल्या, दाणे पोचट झाले. रत्ता जगला, त्याच्या लोंब्या लालसर होऊन भरल्या. पण त्याचा पेंढा उंच आणि लेचापेचा. पाण्याने तो झोपला आणि अर्धा दाणा चिखलात गेला. सात नंबर चारी ठिकाणी उभं होतं. उघाडीजवळ, मधे, वर आणि खड्ड्यात. बुटकं, जाड पेंढ्याचं. लोंबी वाकली होती ती वजनाने.

शेवंताबाईने कुंभोजकरांना विचारलं की याचं खानदान कुठलं. त्यांनी सांगितलं की एका बुटक्या सुधारित भाताशी खाडीकाठच्या रत्त्याचा संकर करून ते काढलंय. मिठाला टिकण्याचा गुण रत्त्याचा.

"म्हंजे आमचे घरचीच पोर," ती म्हणाली. "शिकून आयली."

दिवाळीनंतर गावकी बांधावर आली. पुरुष बांधावर, बायका पाटाच्या कडेला. सिताराम पुढे. हौसेराव त्याच्या शेजारी चालत होता आणि करपलेल्या वाफ्यांकडे हात करून दाखवत होता. हे जळलेलं, तेही जळलेलं, ते झोपलेलं. अर्ध्याहून जास्त शेत मेलं होतं. ते नाकारता येत नव्हतं. शेवंताबाईने त्यांना सात नंबरच्या वाफ्याकडे नेलं. सितारामने वाकून एक लोंबी खुडली आणि तळहातावर घेतली.

हौसेराव म्हणाला की एखादा कोपरा चांगला असतोच. चांगल्या मातीत चांगलं बी टाकलं, त्यात खाराचं काय दिसलं?

सगळ्यांचं लक्ष कुंभोजकरांकडे गेलं. त्यांनी घसा खाकरला. शेवंताबाईला वाटलं की आता हा माणूस गप्प बसणार. कुंभोजकरांनी परत खाकरलं, आणि मग त्यांचा आवाज निघाला तो त्यांनाही ओळखू येऊ नये इतका मोठा.

"कोपरा एक नाही, चार आहेत. माझ्याबरोबर चला."

ते पुढे निघाले. गावकी मागे. उघाडीजवळ सात नंबर उभं आणि शेजारचं करपलेलं. वरच्या बांधाला तसंच, मधेही तसंच. खड्ड्यात तर चहूबाजूंनी पांढरं आणि मधे एक सोनेरी चौकोन. चांगला कोपरा असता तर शेजारचं का मेलं, असं त्यांनी हौसेरावला विचारलं. आणि कोपरे आम्ही निवडलेच नाहीत, म्हणाले. हौसेराव म्हणाला की कोणी निवडले मग, देवाने का.

पाटाच्या कडेवरून विमलबाई म्हणाली, "मी निवडले. चिठ्ठ्या माझे हातच्या हायेत, भाऊजी."

बायका हसल्या. हौसेरावने तोंड फिरवलं. पण त्याच्याकडे अजून एक गोष्ट होती. अमावस्येला उघाडीने खाडी आत घेतली हे गावाला माहीत आहे का, असं त्याने विचारलं. ज्या घराला दोन फळ्या सांभाळता येत नाहीत त्याच्या भरवशावर गाव खार ठेवणार का.

गोटीराम पुढे आला. त्याच्या हातावरचा व्रण अजून लाल होता. म्हणाला, "फल्या मीच काढल्या. मासा पायजे होता, पानासाठी. पानी लोंब्यांपर्यंत आयला. माजी चूक हाय."

शेवंताबाई नवऱ्याकडे बघत राहिली. बाहेर ओहोटी होती आणि चिखलात बगळे चालत होते. सिताराम अजून तळहातावरची लोंबी चोळत होता. त्याने फुंकर मारली, तूस उडालं, हातात दाणे राहिले. त्याने एक दाताखाली फोडला.

"पानी लोंब्यांपर्यंत आयला," तो सावकाश म्हणाला, "आनि भात हाय. मंग आजून काय दाखवायचं राह्यलंय?"

त्याने दाणे हौसेरावच्या हातात ठेवले. खार शेतीचा, असं तिथंच ठरलं. पाट मोकळा ठेवायचा आणि त्यावर पुन्हा कुणी राबिट टाकायचं नाही, हेही ठरलं. उघाडी गोटीरामच्या घराकडेच राहिली, मात्र फळ्या काढताना यापुढे दोन माणसं लागतील आणि त्यातलं एक शेवंताबाई, असं सिताराम म्हणाला. या वेळी पुरुषही हसले, आणि गोटीरामसुद्धा हसला.

कापणीला अर्धा गाव आला. न बोलावता. विळे चालले, पेंढ्या बांधल्या गेल्या, खळ्यावर फळीवर झोडणी झाली. सात नंबरचा दाणा फळीवरून उडायचा तो टपटप वाजत पडायचा. बायका सुपाने पाखडत होत्या आणि उडणारा भुसा बघून मुद्दाम म्हणत होत्या, बघा गं, पोचट किती कमी. कुंभोजकर तराजूशी बसून एकेका वाफ्याचं वजन घेत होते. त्यांनी एकदा मान वर करून शेवंताबाईला सांगितलं की केंद्राच्या आवारात आलं होतं त्यापेक्षा हे जास्त आहे. ती म्हणाली की तुमच्या आवारात कुणी आमच्यासारखं तुडवलं नसेल.

त्याच संध्याकाळी तिने नव्या भाताचा हंडा शिजवला. कुंभोजकर ओट्यावर सगळ्यांत बसून जेवले. खाडीची कोळंबी, सोलकढी, आणि गरम भात. दिपेश त्यांच्या पानात वाढतच होता. ते नको नको म्हणत होते आणि खात होते.

दुसऱ्या दिवसापासून बायका येऊ लागल्या. खारात बी विकत नाहीत. पायलीला पायली देतात, घरातलं कुठलंही धान्य द्यायचं आणि बी न्यायचं. नाचणी आली, वाल आले, एकीने तर सुकट आणली. ओटा भरला आणि सात नंबर रिकामं होत गेलं. शेवंताबाईने घरासाठी बी काढून ठेवलं. हौसेरावच्या घरून विमलबाई आली तेव्हा ती मापावर ओंजळ जास्त टाकून म्हणाली की तुझ्या भाऊजींच्या तुकड्यातसुद्धा टाक.

कुंभोजकरांनी ऑफिससाठी एक पिशवी बाजूला बांधली होती. पुढच्या सालचं बी त्यातून वाढवायचं होतं. केंद्रात शिल्लक फार थोडं होतं. ती पिशवी पायाशी ठेवून ते निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात खाडीपलीकडच्या गावातल्या दोघी जणी होडीने आल्या. भर उन्हात बांधावरून चालत आलेल्या. त्यांच्या खाराचा बांध नुकताच बांधून झाला होता. आंबेखारच्या भाताचं ऐकलं म्हणून आल्या. त्यांनी फडक्यात उडीद आणले होते.

शेवंताबाईने रिकामं माप उलटं करून दाखवलं. दोघी उभ्याच राहिल्या. त्यांनी काही मागितलं नाही, पण परतही वळल्या नाहीत.

कुंभोजकरांनी घसा खाकरला. मग वाकून पिशवीची गाठ सोडली, आणि ती तशीच उचलून त्यांच्या टोपलीत ओतली. सगळी. तळाचे दाणे झटकून काढले. त्यांना बांधाकडे बोट करून सांगू लागले की पेरायच्या आधी तीनदा धुवा, जिभेवर जाऊ नका, मी मीटर घेऊन येतो. बायका माना हलवत होत्या. होडीची वेळ जात होती म्हणून त्या टोपली डोक्यावर घेऊन घाईने निघाल्या. कुंभोजकर बांधाच्या वळणापर्यंत त्यांच्या मागे मागे बोलत गेले.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात उडदाचं फडकं होतं आणि रिकामी पिशवी.

शेवंताबाई म्हणाली, "आता ऑफिसात काय दाखवशील?"

कुंभोजकरांनी पिशवी झटकली, नीट घडी केली आणि खिशात घातली.

"बी पेरायला गेलं," ते म्हणाले. "हेच दाखवीन."